रव्याचे कण : धुळ्यातल्या एका फिश टँकमधल्या पांढऱ्या ठिपक्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर धुळ्यातलं, देवपूर भागातलं. आजोबा एसटीतून निवृत्त, आजी, मुलगा-सून आणि आठवीतली नात. कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, मोजमापं आणि आमच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षं घरी मासे पाळतो. या घरी मी पोचलो तो नवे मासे आणल्यापासूनच्या अकराव्या दिवशी, तेव्हा आधीच्या दहा दिवसांची हकिगत नातीच्या वहीवरून आणि आजोबांच्या सांगण्यावरून लिहिली आहे.

टँक ३६ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. आतून भरला तर १०६ लिटर. पण तळाला दोन बोटं खडी, वर थोडी मोकळी जागा, मधोमध सिमेंटचा किल्ला. प्रत्यक्ष पाणी ८५ लिटरच्या आसपास. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. आत चार मॉली, दोन एंजल, एक सकर आणि दुकानात ज्याला नुसतंच 'शार्क' म्हणतात ते दोन मासे होते. हा शार्क म्हणजे पंगासिअस जातीचा, बिनखवल्यांचा मासा. बोटाएवढा असताना विकतात; मोठ्या नदीत तो मीटरभर वाढतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

पाण्याचं सांगायला हवं, कारण धुळ्यात सगळं तिथूनच सुरू होतं. नळ रोज येत नाही. आला की ड्रम, टाक्या, हंडे भरून ठेवायचे. ते पाणी क्लोरीनचं. मधल्या दिवसांत बोअर. आपल्याकडचा काळा पाषाण फोडून आलेलं बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही. या घरचा टँक दोन वर्षं अशाच मिसळीच्या पाण्यावर चालला होता आणि बरा चालला होता. पाण्याचा पीएच ८.२, म्हणजे क्षाराकडे झुकलेलं.

काय घडलं

डिसेंबरच्या मध्यातला रविवार. नातीच्या हट्टापायी चार विडो टेट्रा आणले, गुलाबी आणि हिरवे. हा मासा मुळात करडा-काळा असतो; असे भडक रंग अनेकदा सुई टोचून किंवा रंगाच्या पाण्यात बुडवून दिलेले असतात. माझ्या मते असा मासा घेऊच नये, पण तो वाद इथे नको. मुद्दा एवढाच, की आधीच सोसून, दूरचा प्रवास करून, गर्दीच्या टाकीत राहून आलेले चार मासे पिशवीतल्या पाण्यासकट थेट टँकमध्ये ओतले गेले.

गुरुवारपासून थंडी पडली. धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. उन्हाळ्यात ४४ अंश सोसणारं गाव हिवाळ्यात १० च्या खाली उतरतं, आणि कृषी महाविद्यालयातला आकडा पेपरात आला की आपण एकमेकांना अभिमानाने सांगतो. टँक उत्तरेच्या खिडकीपाशी. हीटर नव्हता.

शुक्रवारी नातीने वहीत लिहिलं : 'मॉली किल्ल्याला अंग घासते. मज्जा वाटते.' आजींनीही पाहिलं, त्या म्हणाल्या, "मासा आंग घासी राहिनात." सगळ्यांना तो खेळ वाटला. रविवारी एका टेट्राच्या शेपटीवर आणि दोन मॉलींच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके आले. मॉलींनी पर मिटून घेतले, दाण्याला तोंड लावेनात.

सोमवारी दुकानात विचारलं. निळ्या औषधाची बाटली आणि पिवळ्या भुकटीची पुडी मिळाली. निळं म्हणजे मेथिलीन ब्लू, पिवळं म्हणजे टेट्रासायक्लिन. त्याच दिवशी नळ आला होता. मुलाने सगळं पाणी काढलं, खडी साबण न लावता पण चांगली चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला, ताज्या नळाच्या पाण्याने टँक भरला आणि औषध 'थोडं जास्तच' घातलं. जास्त म्हणजे किती, ते कुणालाच सांगता आलं नाही.

मंगळवारी एक मॉली आणि एक टेट्रा मेला. बुधवारी आणखी एक टेट्रा. बुधवारी संध्याकाळी आजोबांचा फोन आला. मराठीत सुरू झालेलं बोलणं दुसऱ्या वाक्याला अहिराणीत गेलं, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. "आते काय करानं, सर?"

समस्या नेमकी कोणती

मी गेलो तेव्हा पाणी निळसर-पिवळं आणि गढूळ होतं. उरलेले मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होते. सकर एरवी काचेला चिकटून असतो, तोही वर आला होता. सगळ्यांना वाटत होतं की आजार बळावला. मला दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि त्यांची सरमिसळ होऊ न देणं हेच पहिलं काम होतं.

माझा साधा ठोकताळा असा : मासे एकेक करून बिघडले तर आजार, सगळे एकदम बिघडले तर पाणी. शुक्रवार ते रविवार मासे एकेक करून बिघडत गेले. मंगळवारनंतर सगळे एकदम.

पाणी तपासलं. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम. तापमान १९. म्हणजे आजारावर उपाय करताना टँकची पचनसंस्थाच धुऊन टाकली गेली होती. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजावर आणि खडीवर वस्ती करून असतात. नवा टँक 'बसायला' चार ते सहा आठवडे लागतात ते यांच्यासाठीच. क्लोरीनच्या पाण्यात पिळलेला स्पंज म्हणजे ती वस्ती उठवली. उरलीसुरली निळ्या औषधाने मारली.

मग ठिपके. पांढरं काही दिसलं की एकच नाव घ्यायचं, ही सवय मोडायला हवी. मी मुलांना स्वयंपाकघरातल्या खुणा सांगतो. रव्याचे किंवा मिठाचे सुटे कण दिसले तर 'इक', म्हणजेच व्हाइट स्पॉट. तिरप्या उजेडात हळदीची बारीक भुकटी उडाल्यासारखं दिसलं तर वेल्व्हेट. कापसाचा पुंजका असेल तर बुरशी. ओठांभोवती किंवा पाठीवर करडा-पांढरा साय धरल्यासारखा थर असेल तर बहुधा जिवाणू. आणि नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या काळात येणारे पांढरे टिपके हा आजारच नाही. त्यांच्यावर औषधं ओतलेली मी पाहिली आहेत.

इथे कण सुटे होते, एकाच आकाराचे होते, परांवर आणि अंगावर दोन्हीकडे होते. तरी खात्री करून घेतली. शाळेतला सूक्ष्मदर्शक नेला होता. जिवंत मॉलीच्या अंगावरचा बुळबुळीत थर कव्हरस्लिपच्या कडेने अलगद काढला. मेलेला मासा त्यासाठी घ्यायचा नाही. यजमान मेला की परजीवी अंग सोडून निघून जातो. शंभरपट मोठं करून पाहिलं तेव्हा गोल, केसाळ, सावकाश गिरक्या घेणारा जीव दिसला आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस. अख्ख्या घराने आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. आजी म्हणाल्या, "जत्रातला पाळणा." गिरकी तशीच होती खरी.

हा परजीवी कसा जगतो ते कळल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा जीव. वरून कातडीचं पांघरूण असल्याने कोणतंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाला जातो, खडीला चिकटतो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत दुभंगत-दुभंगत शेकडो पिल्लं तयार करतो. कोष फुटला की ती पोहत सुटतात. दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध, मीठ, उष्णता, सगळ्यांचा वार चालतो तो या पोहत्या पिल्लांवर. २५ अंशांना हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो. थंड पाण्यात तोच रेंगाळत आठवड्यांवर जातो. म्हणजे लढाई माशाच्या अंगावर नसते, पाण्यात आणि खडीत असते. अंगावरचा ठिपका गेला याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की तो जीव खाली उतरून आता शेकड्याने वाढतो आहे.

टेट्रासायक्लिनचा इथे उपयोग नव्हता, कारण तो जिवाणूंवरचा उपाय आणि हा जीव जिवाणू नाही. शिवाय जड पाण्यातलं कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं. धुळ्याच्या बोअरच्या पाण्यात ते घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कोणते पर्याय होते

आजींचा पर्याय सरळ होता : सगळं फेकून द्या, टँक उन्हात वाळवा, नवे मासे आणा. यात तथ्य आहे. कोरड्या टँकमध्ये हा परजीवी जगत नाही. पण दहा मासे जिवंत होते आणि नात दारात उभी राहून ऐकत होती.

आजारी मासे वेगळ्या टबमध्ये काढावेत, असं मुलाचं म्हणणं. नवे मासे येतानाच हे केलं असतं तर सगळं टळलं असतं. आता मात्र प्रत्येक मासा त्या पाण्यात राहिलेला होता. ठिपका न दिसणाराही आतून धरलेला असू शकतो, कारण कल्ल्यांतले ठिपके बाहेरून दिसत नाहीत. टबला बसलेला फिल्टरही नव्हता. आम्ही तो विचार सोडला.

मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिनचं मिश्रण हे इकवरचं जुनं, चालणारं औषध. मी ते वापरलेलं आहे. इथे तीन गोष्टी आड आल्या. सकर आणि शार्क यांना ते सोसत नाही, मोजून अर्धं द्यावं लागतं. फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि हे मासे आधीच श्वासासाठी वर आले होते. आणि मॅलाकाइट ग्रीन माणसालाही चांगलं नाही. हातमोजे घालून वापरायची वस्तू मी मुलांचा हात टँकमध्ये जाणाऱ्या घरात शक्यतो देत नाही.

राहिली उष्णता आणि मीठ. पाणी ३० अंशांवर ठेवलं की परजीवीचा फेरा वेगाने फिरतो, पिल्लं लवकर बाहेर पडतात आणि या तापमानाला त्याची वाढही नीट होत नाही. लिटरला २ ग्रॅम मीठ त्या पिल्लांना जड जातं. मॉलीला मीठ आवडतं, एंजलला चालतं, सकर कुरकुरतो, शार्कची खात्री नाही.

पण खरा पेच मीठ की औषध हा नव्हता, क्रमाचा होता. माझा हात हीटरकडे गेला होता आणि तो मागे घ्यावा लागला. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी, एक विषारी. पीएच ८.२ असताना २० अंशांना साधारण ६ टक्के भाग विषारी रूपात असतो. ३० अंशांना तोच ११ टक्क्यांवर जातो. म्हणजे पाणी तापवलं असतं तर अमोनियाचा एक थेंबही न वाढता विष जवळजवळ दुप्पट झालं असतं. त्यात ऊन पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरला ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसात. इकच्या भीतीने त्या रात्री हीटर लावला असता तर सकाळपर्यंत टँक रिकामा झाला असता असं मला आजही वाटतं.

ठरलं ते असं : आधी अमोनिया, मग उष्णता, मग मीठ. या दोन-तीन दिवसांत ठिपके वाढणार हे आधीच सांगून टाकलं. आजोबांना ते पटलं नाही. आजार वाढताना दिसतोय आणि सर म्हणतात थांबा. त्यांचा त्रागा मला समजत होता.

काय केलं

बुधवारी रात्रीच ४० टक्के पाणी बदललं. ड्रममधल्या पाण्यात क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन घालून, चुलीवरच्या एका पातेल्याने त्याची थंडी मोडून, टँकएवढंच तापमान करून. गुरुवारी पुन्हा, शुक्रवारी पुन्हा. दाणा पूर्ण बंद. मासा आठ दिवस उपाशी राहून मरत नाही, पण न खाल्लेला दाणा कुजून अमोनिया वाढवतो. माझ्या टँकमधला जुना, मळका स्पंज आणून त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. तो परत न्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. निळं औषध पाण्याबरोबर उतरत गेलं. काचेच्या सांध्यांतला सिलिकॉन मात्र आजही निळा आहे. शुक्रवारी अमोनिया ०.५ च्या खाली आला. मासे वरून खाली गेले. ठिपके, सांगितल्याप्रमाणे, दुप्पट झाले होते.

शुक्रवारी रात्री १०० वॅटचा हीटर लावला आणि दर चार-पाच तासांनी एकेक अंश चढवत रविवारी ३० वर नेलं. हवेचे बुडबुडे सोडणारा दुसरा एअर स्टोन टाकला. मीठ खडेमीठ, एकूण १७० ग्रॅम, शनिवार-रविवारी बारा-बारा तासांच्या अंतराने तीन हप्त्यांत, मगभर पाण्यात विरघळवून. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात अशी भीती घालतात. त्यात तथ्य नाही, आयोडीन नगण्य असतं. खडेमीठ घेतलं ते स्वस्त म्हणून. मीठ ८५ लिटरच्या हिशेबाने घेतलं, १०६ च्या नाही. रोज पाइपने खडीतला मळ ओढून १५-२० लिटर पाणी काढायचं, कारण कोष तिथेच असतात; त्याच्या जागी नव्या पाण्याबरोबर त्या प्रमाणातच मीठ घालायचं. पाणी नुसतं आटलं असेल तर साधं पाणी भरायचं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. हे नातीला लगेच कळलं, तिच्या वडलांना दोनदा सांगावं लागलं.

सोमवारी एक शार्क गेला. आदल्या संध्याकाळपासून तो काळवंडून काचेवर धडका देत होता. मी पाहिलं आणि तिसरा हप्ता पुढे ढकलायला हवा होता, तरी वेळापत्रक पाळलं. कल्ल्याचा तुकडा लगेच काढून तपासला तेव्हा तो परजीवींनी भरलेला होता, त्यामुळे दोष सगळा मिठाचा नाही. पण बिनखवल्यांच्या माशाला बारा तासांचं अंतर चोवीस करायला काही लागत नव्हतं. ती चूक माझी. मंगळवारी तिसरा टेट्राही गेला.

बुधवारी, म्हणजे अठराव्या दिवशी, एकाही माशावर ठिपका नव्हता.

मधला घोळ

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरी प्रकरण इथे संपलं असं समजतात. आजोबांनी हीटर बंद करायची परवानगी मागितली. विजेचं बिल हे कारण होतंच. १०० वॅटचा हीटर अखंड चालला तर दिवसाला जवळपास अडीच युनिट. कारण खोटं नव्हतं. मी म्हणालो, शेवटचा ठिपका दिसल्यापासून चौदा दिवस. त्यांनी मान्य केलं, पण ज्या तोंडाने केलं त्यावरून मला वाटलं, हे फार दिवस टिकणार नाही.

शुक्रवारी सकाळी एंजलच्या परावर पुन्हा चार ठिपके. माझा पहिला संशय आजोबांवर गेला. सरळ विचारलंही, आणि त्यांना ते लागलं. त्यांनी हीटर बंद केलेला नव्हता.

मग नातीची वही काढली. तापमान रोज लिहिलेलं होतं, पण रोज संध्याकाळी सहाला, मी यायचो त्या वेळी. २९, ३०, ३०. पहाटेचा एकही आकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आजोबांनी मोजलं : २६. हीटरवर ३० लिहिलेलं आहे म्हणून पाणी ३० ला आहे, हे आम्ही सगळ्यांनी, सर्वांत आधी मी, गृहीत धरलं होतं. खोलीत पहाटे १३-१४ अंश, उत्तरेची खिडकी, वरचं झाकण अर्धवट; एकटा १०० वॅट पुरा पडत नव्हता. रोज सकाळी सहा-सात तास परजीवीला हवी तशी हवा मिळत होती.

उपाय घरगुती केला. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल, रात्री पुढून आजींची जुनी गोधडी, वर काच, हवेपुरती फट ठेवून. माझा ५० वॅटचा हीटर दुसऱ्या टोकाला. पहाटेचा आकडा २९.५ वर आला. दोन दिवसांनी रात्री तीन तास वीज गेली तेव्हा याच गोधडीने वाचवलं, पाणी २८ च्या खाली गेलं नाही. हवेसाठी नातीने आणि तिच्या आईने आळीपाळीने मगाने पाणी वर काढून उंचावरून ओतलं. बॅटरीवरचा एअर पंप दुसऱ्या दिवशी आला.

परिणाम

शेवटचा ठिपका चोविसाव्या दिवशी दिसला. त्यानंतर चौदा दिवस तसंच चालवून अडतिसाव्या दिवशी पाणी हळूहळू २६ वर आणलं आणि पाणी बदलता बदलता मीठ उतरवलं. तेरांपैकी पाच मासे गेले : तीन टेट्रा, एक मॉली, एक शार्क. आठ वाचले. पाचांपैकी तीन आम्ही हात लावायच्या आधी गेले होते, आणि माझ्या मते त्यातला निदान एक इकने गेलेला नाही, स्वच्छतेने गेला.

वाचलेल्या माशांना या परजीवीविरुद्ध काही काळ प्रतिकारशक्ती येते. हे चांगलं, आणि थोडं फसवंही. असा मासा अंगावर काही न दाखवता एखाददुसरा परजीवी बाळगून असू शकतो आणि नवा कच्चा मासा आला की आग पुन्हा पेटते.

एक प्रश्न उरला होता. एकटा राहिलेला शार्क वाढत होता आणि तीन फुटांचा टँक त्याला पुरणारा नव्हता. आजोबा म्हणाले, नकाण्याच्या तलावात सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल. मी त्यांना उजनीच्या जलाशयाचं सांगितलं, तिथे घरोघरच्या टँकमधला सकर आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. शिवाय आपला मासा आजारातून उठलेला. पांझरा नदीत नाही, नकाण्यात नाही. मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्या घरी तो गेला, आजाराची पूर्ण कल्पना देऊन आणि तिथे महिनाभर वेगळा ठेवायच्या अटीवर.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवारची ती ओळ, 'मॉली अंग घासते', हा सर्वांत स्वस्त निर्णयाचा क्षण होता. तेव्हा पाणी तपासलं असतं, ते ठीक निघालं असतं, म्हणजे संशय परजीवीवर गेला असता आणि ठिपके दिसायच्या दोन दिवस आधी, बसलेल्या फिल्टरसकट, हीटर लावता आला असता. अमोनियाचा प्रश्न उद्भवलाच नसता. मासा एकदा घासला तर घासू द्यावा. तासाभरात तिघांनी घासलं तर तपासणीची बाटली काढावी.

सोमवारच्या स्वच्छतेबद्दल मी मुलाला दोष देत नाही. आजारी माणसाची खोली धुऊन काढतात, तसंच त्याने केलं. टँकचं उलटं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात तर नाहीच. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच, आणि तोही काळा पाझर थांबेपर्यंत, पांढरा होईपर्यंत नाही.

माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या. शार्कचं वर सांगितलं. दुसरी म्हणजे तापमान एकाच वेळेला मोजणं. धुळ्याच्या हिवाळ्यात दुपार आणि पहाट हे दोन वेगळे ऋतू असतात. जळगावचा केळीवाला हे जाणतो आणि थंडीच्या रात्री बागेत धूर करतो. मी इथेच वाढलो तरी मला संध्याकाळी सहाचा आकडा पुरेसा वाटला.

आणि मुळातलं : नवा मासा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मासा जाळीने उचलायचा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्यानंतर तीन ते चार आठवडे वेगळा टब. वेगळा टब म्हणजे महागडा टँक नव्हे. तीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, जुन्या टँकमध्ये आधीपासून ठेवून बसवलेला एक स्पंज फिल्टर, एक छोटा हीटर आणि स्वतःची वेगळी जाळी. जाळी विसरतात. ओली जाळी एका टँकमधून दुसऱ्यात गेली की टब वेगळा ठेवून उपयोग नाही.

फेब्रुवारीत त्या घरी गेलो तेव्हा गॅलरीलगतच्या खोलीत निळा टब दिसला, आत तीन मॉली. या वेळी काळ्या, बाहेरून न रंगवलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीस चौकोनांना पेन्सिलीने गोल केलेले, बारा खोडलेले. वहीत तापमानाचे दोन रकाने होते, पहाटेचा आजोबांच्या अक्षरात. बाराव्या दिवसापुढे नातीने लिहिलं होतं : 'छोटीने एकदा अंग घासलं. अमोनिया ०.' खाली आजोबांची ओळ : 'हीटर २८ केला. सरांना विचारणे.'